बँकॉकच्या भुताला आपली बोली कळत नाही

बँकॉक, जुलैची अखेर, बुद्ध संवत् २५६७

भंते खियत यांच्या चरणी आईचे तीन वेळा जमिनीला डोकं टेकून नमस्कार.

तीनही वेळा खरोखर टेकलं हो, नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं नाही. इथली फरशी कडक आहे, गुडघे कुरकुरले. ज्या पोराचं ढुंगण मी धुतलं त्याला आता "आपण" म्हणायचं, याची जिभेला सवय होईस्तोवर वर्षावासाचे तीन महिने संपून जातील. मधेच "तू" आलं तर पाप माझ्या माथी, आपण रागावू नये. पत्र आधी विहाराचे मोठे भंते वाचतात असं कळलं. त्यांनाही नमस्कार. मी चौथीपर्यंतच शिकले आहे, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घ्यावं.

गावाकडे सगळं ठीक. भाताची लावणी झाली. आपल्या काकांची म्हैस पुन्हा देवळाच्या तळ्यात जाऊन बसली, चौघांनी ओढली तरी निघेना, मग काकूने लांबून शिव्या दिल्या तेव्हा निघाली. काकू म्हणते, "घरातल्या दोघांनाही तीच भाषा कळते."

आता आपण विचाराल, आई बँकॉकला काय करतेय. काही नाही. सूनबाईला, आपल्या दुअनला, इथे शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं. ती कामावर गेल्यावर उंगकडे कोण बघणार? म्हणून सासूबाई आल्या. तेवढंच. जागा चांगली आहे, सहावा मजला, लिफ्ट आहे. शेजारीण सैफोन फार गुणाची, आपल्याच इसान मुलखातली, यसोथोनची. दिवसातून कितीदा तरी डोकावते. पांढरे बूट घालते. म्हणजे तिला आवडतात पांढरे बूट.

मी मासळीची बरणी आणली होती घरून, आंबवलेली, गेल्या साली घातलेली. झाकण उघडलं तर सगळ्या मजल्यावरच्या बायका दाराबाहेर आल्या. निम्म्या नाक धरून, निम्म्या वाटी घेऊन.

खाली भातवाली आहे, ती उंगला बघून म्हणाली, "अगंबाई, किती गोड पोर आहे हे!" मी तिच्या तोंडावर हातच ठेवला. म्हटलं, "हळू गं बाई. गोड कसलं, बेडूक आहे नुसता. बापाचं नाव खियत, म्हणजे चिमुकला बेडूक, आणि ह्याचं उंग, म्हणजे फुगलेला बेडूक." ती म्हणाली, "आजी, अशी नावं कशाला ठेवता?" शहरात राहून पोरी सगळं विसरल्या. भूत कान लावून बसलेलं असतं. पोर चांगलं आहे असं त्याच्या कानावर पडलं की ते म्हणतं, मग मलाच दे. म्हणून म्हणायचं, वाईट आहे, कुरूप आहे, नको कुणाला. माझ्या आईने मला तेच म्हटलं, मी आपल्याला तेच म्हटलं.

तर उंग कसा आहे म्हणाल तर, वाईट आहे. डोक्यावर नवे केस आलेत तेही उभेच्या उभे, जळल्या रानात फुटतात तसे. गाल फुगलेत. खाताना हात थांबत नाही. दिसायला तर विचारूच नका. आपलं डोकं भादरलं तेव्हा तो म्हणाला होता ना, "बाबापण माझ्यासारखा टकलू!" आता म्हणतो, "मी जिंकलो, माझे आधी आले."

आपण नवस केला होता की त्या दुखण्याच्या गाठी फोटोत दिसेनाशा झाल्या तर एक वर्षावास अरण्यात राहीन. फोटो स्वच्छ आला, आपण चीवर घेतलं. आता तो नवस निर्धास्त मनाने पुरा करावा. इथे काळजीचं काही नाही. थोडंसं औषध आहे, लहान पोरांना असतं तसं. काळजीचं काही नाही.

थांबते. सैफोन बोलावतेय. पोर रडतंय. म्हणजे हसतंय बहुतेक, ह्या इमारतीत दोन्ही आवाज सारखेच येतात.

आपली उपासिका आई


बँकॉक, सप्टेंबरची पंधरा

मोठे भंते, आपल्या चरणी नमस्कार. हे पत्र आधी आपल्या हाती पडेल. वाचून माझ्या मुलाला द्यायचं की वर्षावास संपेपर्यंत ठेवून घ्यायचं, ते आपण ठरवावं. मला पाप-पुण्यातलं फार कळत नाही. पण हे पोटात घेऊन मला आता भात उतरत नाही.

भंते खियत यांना आईचे नमस्कार.

लेका, सैफोन शेजारीण नाही. नर्स आहे. सहावा मजला हॉस्पिटलचा आहे.

रागावू नकोस. आपण चीवर घेतलंत त्याच आठवड्यात फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, एक औषध आहे बाहेरदेशी, मिळेल न मिळेल सांगता येत नाही? ते मिळालं. दुअन म्हणाली, "त्यांना कळवूया." मी म्हटलं, "कळवलंस तर तो चीवर टाकून धावत येईल. पोरासाठी बोललेला नवस पोराच्या औषधाच्या तोंडावरच मोडायचा का?" तिला पटलं नव्हतं. मीच हट्ट केला.

मलाही आधी कळेना, फोटो स्वच्छ आहे मग औषध कशाला. आजाराचं नाव न्यूरोब्लास्टोमा, ते दुअनने वेगळ्या कागदावर लिहून दिलं, त्यावरून उतरवलं आहे. पोराचं सगळं सोसून झालं होतं. नळ्या झाल्या, पोट कापून झालं, स्वतःचंच रक्ताचं बी काढून परत घालून झालं, किरणं झाली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "आता त्याला घरी नेऊ द्या." त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आजी, शेतातलं तण काढल्यावर शेत स्वच्छ दिसतं ना?" म्हटलं, "दिसतं." "मग पुढच्या पावसात परत कुठून येतं?" म्हटलं, "बी राहतं मातीत." म्हणाल्या, "तसंच. आजार शांत आहे, पण ह्याच्यासारख्या पोरांत बी राहून जातं, आणि ते फोटोत दिसत नाही. हे औषध त्या बीवर जाऊन चिकटतं, खूण करतं. मग अंगातलेच राखणदार ती खूण बघून बी खातात." ह्या औषधाला त्या अँटिबॉडी म्हणतात. पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीला कितीतरी दिवस थेंब थेंब चालू, मग मधे घरी, आणि घरी असताना गोळ्या. त्या गोळ्यांनी ओठ तडकतात त्याचे, सुक्या तळ्यासारखे.

आणि मग त्यांनी वाईट ते सांगितलं. तीच खूण अंगातल्या नसांवरही असते. म्हणून औषध नसांनाही चिकटतं, आणि दुखतं. फार दुखतं. दुखणं दाबायला दुसरं औषध सोबत लावतात.

पहिली फेरी मी लिहीत नाही. एवढंच लिहिते की त्याच्या पायावरची चादर मी उचलून धरून बसायची. चादरीचाही भार सोसवेना त्याला. मागच्या पत्रात हसतंय लिहिलं ते तेव्हाचं.

आता ऐका. पलंगाशी एक पट्टी टांगलेली असते, तोंडांची. पहिलं तोंड हसरं, मग जरा कमी, असं करत शेवटचं धाय मोकलून रडणारं. नर्स येऊन विचारते, "उंग, आत्ता कुठलं?" पोर बोट ठेवतं. त्यावरून दुखण्याचं औषध कमी-जास्त करतात. पहिल्या फेरीत त्याचं बोट शेवटच्या तोंडावर असायचं, ते खरंच होतं.

फेरी संपता संपता एकदा त्याने हसऱ्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "आजी, मी बरा झालो!" मी खसकन त्याला जवळ घेतलं, कानात म्हटलं, "असं म्हणायचं नाही रे! पलंगाखाली भूत ऐकत असतं. कुणी विचारलं, कसा आहेस, तर म्हणायचं वाईट." शहाणं पोर. मान डोलावली.

दुसऱ्या फेरीत तो पलंगावर बसून मातीच्या म्हशी करायचा. गुणगुणायचा. सैफोन पट्टी घेऊन आली की म्हैस बाजूला ठेवून बोट थेट रडक्या तोंडावर. ती गेली की पुन्हा म्हैस. आणि मी बसल्या बसल्या मनात खूश! वाटायचं, कसं लक्षात ठेवलंय बघा, भुताला बरोबर फसवतोय. सैफोनने एकदा विचारलंही, "आजी, चेहऱ्यावरून तर तेवढं वाटत नाही. खरंच इतकं दुखतंय ना?" मी काय म्हणाले असेन? म्हटलं, "फार वाईट आहे गं पोर."

ती इसानची असूनही फसली. इतकी वर्षं शहरात, आणि पट्टीवर शिकलेली. पोर शेवटचं तोंड दाखवतंय, आजी तेच सांगतेय. तिने डॉक्टरांना विचारून दुखण्याचं औषध वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवलं.

दुपार होती. मी आंब्याची लोणची फोड चोखत होते. उंग झोपलेला. घोरण्याचा आवाज वेगळा वाटला, पाण्यात बुडबुडा फुटावा तसा, आणि दोन बुडबुड्यांमध्ये फार वेळ जात होता. मी म्हटलं, "उंग." मग हलवलं. त्याचा हात माझ्या हातातून नुसता खाली पडला. मशीन ओरडायला लागलं.

सैफोन धावत आली. तिने आधी एक नळी बंद केली, तोंडावर हवेची वाटी लावली, आणि त्याच्या छातीवर बोटं घासत ओरडायला लागली, "उंग! श्वास घे! अजून एक! घे म्हणते ना!" आपल्या बोलीतच ओरडत होती, तिला भान नव्हतं. दोन डॉक्टर आले, काहीतरी टोचलं. मला कोणी बाजूला सारलं तेही कळलं नाही. लोणच्याची फोड तोंडातच होती.

आणि मग तो खोकला. डोळे उघडून चिडून रडला. खियत, पोराच्या रडण्याने इतका आनंद होतो हे मला तुझ्या जन्मानंतर दुसऱ्यांदा कळलं.

दुअन कारखान्यातून आली, केसांत दोरे तसेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं दाबायचं औषध जास्त झालं. पण एवढं द्यावं लागलं, कारण दुखणं वाढतंय. दुसऱ्या फेरीत कमी व्हायला हवं होतं. म्हणजे मुख्य औषध त्याच्या नसांना सोसत नाही. ते थांबवावं लागेल. कदाचित कायमचं."

दुअन म्हणाली, "थांबवा. आजच थांबवा. फोटो स्वच्छ आहे, पोर माझ्या हातात आहे. न दिसणाऱ्या बीसाठी दिसणारं पोर का घालवू?"

काय चुकलं तिचं? मीही तेच म्हणाले असते. पण मला ठाऊक होतं ना. त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं की दुखणं वाढलेलं नाही. बी मातीत आहे आणि औषध परत जाणार, ते माझ्या एका शिकवणीपायी. आणि ते सांगायचं तर तोंडाने म्हणायला हवं होतं की पोराला बरं आहे. भर दुपारी, उघड्या दारात, सगळ्यांसमोर. ह्या तोंडाने ते कधीच कुणाबद्दल म्हटलेलं नाही. वाटलं, आत्ताच तर भुताने पोराला नेता नेता सोडलंय, अजून पलंगाखालीच असेल.

मी डॉक्टरीणबाईंची बाही धरली. म्हटलं, "त्याला दुखत नाही. मी खोटं शिकवलंय." आणि सगळं सांगितलं. दुअनने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मला त्याच्याकडून ऐकावं लागेल. तुमच्या शब्दावर चालणार नाही." बरोबरच होतं.

पोर मात्र बोलेना. पट्टी समोर धरली, बोट रडक्यावर. मी म्हटलं, "उंग, खरं सांग." तो डोळ्यांनी खाली दाखवतो, पलंगाखाली. कुजबुजला, "आहे अजून."

मग मला सुचलं, बुद्धानेच सुचवलं. मी वाकून पलंगाखाली नीट बघितलं, वर आले आणि म्हटलं, "अरे, हे तर बँकॉकचं भूत! ह्याला आपली बोली कुठली कळायला? आपण आपल्या बोलीत बोललो की ह्याला वाटतं कोंबड्या बोलतायत."

त्याने विचार केला. "खरंच नाही कळत?"

"शाळेत शिकवत नाहीत त्यांना."

"मग आधी तू बोल."

"काय बोलू?"

"मी कसा आहे ते."

बघ ना लेका. पाच वर्षांचं पोर, कुठे आणून उभं केलं त्याने मला. सगळे थांबलेले. डॉक्टरीणबाईंच्या हातात पट्टी. मी पलंगाची दांडी घट्ट धरली आणि आपल्या बोलीत म्हटलं. हळू नाही, मोठ्याने म्हटलं. "तू सुंदर आहेस. बरा आहेस. आपल्या गावात तुझ्याइतकं सुंदर पोर कधी झालं नाही."

सैफोनने तोंड भिंतीकडे फिरवलं. कोपऱ्यात फरशी पुसणारी बाई होती, ती फडका हातात घेऊन म्हणाली, "आजी, मीपण इसानची, रोई-एतची हो. मला सगळं कळलं." उंग दचकला. मी म्हटलं, "ती माणूस आहे रे!" आणि डॉक्टरीणबाई हसल्या, आणि मग उंगने माझ्याकडे बघत बघत बोट उचललं आणि दुसऱ्या तोंडावर ठेवलं. हसऱ्याच्या शेजारचं. आपल्या बोलीत म्हणाला, "पोटात थोडंसं. बाकी नाही."

त्यांनी एक दिवस थांबून बघितलं. वेगवेगळ्या वेळी विचारलं, सैफोनने आपल्या बोलीत. मग मुख्य औषध पुन्हा लावलं, दुखण्याचं अगदी थोडं ठेवलं. दुसरी फेरी पुरी झाली. दुअनने सही केली. सही करताना माझ्याशी बोलली नाही, पण केली. त्यानंतर दोन दिवसांनी म्हणाली, "आई, भात खाऊन घ्या." तेवढ्यावर मी रडले.

आता सांगितलं सगळं. यायचं की राहायचं ते आपण आणि मोठे भंते ठरवा. मी अडवणार नाही. फक्त एक भीती आहे ती सांगते. कमी शिकलेली बाई आहे, हसू नका. समजा, त्या भुताला कळत असली आपली बोली तर?

आई


बँकॉक, ऑक्टोबर, वर्षावास सुटायला चारच दिवस

भंते खियत यांच्या चरणी नमस्कार. ह्या वेळी एकदाच टेकलं, कारण मांडीवर आपलं पोर झोपलंय. झोप साधी आहे. मी दर थोड्या वेळाने वाकून ऐकते.

मोठ्या भंतेंचं उत्तर आलं. दुअनने मला दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. लिहिलंय, "बँकॉकच्या भुताचं आम्हाला ठाऊक नाही, पण ह्या अरण्यातल्या टेकडीवरची सगळी भुतं आपल्याकडचीच आहेत. म्हणून आपलं पत्र मोठ्याने वाचलं नाही, मुलाच्या हाती दिलं आणि मनात वाचायला सांगितलं." मी इतकी हसले की सैफोन बघायला आली, आजीला काय झालं. आणि खाली आपली एक ओळ. "आई, रोज सकाळी उंगसाठी ध्यानाला बसतो. नवस पुरा करून येतो." हे बरं केलंत. मला वाटलं होतं उठून याल. आला असतात तर वाईट वाटलं असतं, आणि नाही आलात तेव्हाही वाटलं. आईचं मन, त्याला काही धरबंध नाही.

तिसरी फेरी चालू आहे. ताप येतो, जातो. एकदा सगळ्या अंगावर गांध्या उठल्या, मी गारठले, सैफोन म्हणाली, "हे औषधाचंच आहे, उतरेल." उतरल्या. पोटात दुखतं, पण बोट मधल्या तोंडाच्या पुढे जात नाही. आधी वाकून पलंगाखाली बघतो, मग माझ्याकडे, मग आपल्या बोलीत सांगतो. डॉक्टरीणबाईंनी चार शब्द शिकून घेतलेत त्याच्याकडून. उच्चार असा करतात की त्या भुतालाच काय, मलाही कळत नाही. उंग त्यांना म्हणतो, "तुम्ही नुसत्या हसत जा."

अजून दोन फेऱ्या आहेत. मी विचारलं, "मग बी संपेल ना?" त्या म्हणाल्या, "आजी, शब्द देता येत नाही. औषध पुरं झालं तर न परतण्याची आशा वाढते, एवढं सांगते." मला त्या बाई आवडतात. त्यांच्या तोंडून कधी गोड खोटं आलं नाही.

आणि मला भीती वाटते की नाही? वाटते. ताप चढला की पहिल्यांदा तेच मनात येतं, मी मोठ्याने म्हटलं म्हणून. मग मी स्वतःला म्हणते, म्हटलं नसतंस म्हातारे, तर औषधच गेलं असतं. असं माझं माझ्याशी भांडण चालू असतं, आणि पोर मांडीवर म्हशी करत असतं. मातीने माझं लुगडं बघवत नाही.

दुअन बरी आहे. वाळलीय. आपण आलात की आधी तिच्याशी बोला, मग माझ्याशी. भांडायचं तर माझ्याशी भांडा, तिने तर कळवायला सांगितलं होतं.

चीवर उतरवून पांढऱ्या कपड्यांत याल तेव्हा मी पुन्हा "तू" म्हणायला मोकळी. लेका, एक नीट लक्षात ठेव. खोलीत पाऊल टाकलंस की त्याला बघून तोंड वाकडं कर. मोठ्याने म्हण, "काय हे, किती कुरूप झालायस रे!" सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग खाली बस, कान त्याच्या तोंडाशी नाही, तोंड त्याच्या कानाशी ने, आणि आपल्या बोलीत खरं ते सांग. त्याने मला पढवून ठेवलंय, "बाबाला सांग, आधी खोटं, मग खरं." रोज विचारतो, बाबा विसरणार नाही ना?

विसरू नकोस.

पत्र इथेच संपवणार होते. पाकीट चिकटवायला घेतलं आणि परत उघडलं. हे बँकॉकच्या पोस्टातून जाईल, वाटेत कुणाला आपली बोली वाचता येणार नाही, म्हणून लिहिते. मी त्याला त्या दिवशी पलंगाशी जे म्हटलं ना, ते. तूसुद्धा होतास, खियत. जन्मलास तेव्हापासून.

टेकडीवर मोठ्याने वाचू नको.

तुझी आई